लोखंडी कढई, पितळी गंज आणि नवं स्वयंपाकघर: काय ठेवावं, काय घ्यावं?

अन्वयी

नमस्कार मंडळी. पुणं सोडून आम्ही आता कायमचे नागपुरात आलोय, बेसा भागात फ्लॅट घेतला आहे. त्याच सुमारास इथल्याच महाल भागातलं जुनं घर रिकामं होतंय आणि आईच्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी माझ्याकडे आली आहेत. दोन पितळी गंज, म्हणजे खोल पातेली (मोठ्याची कल्हई, म्हणजे आतला कथलाचा थर, उडाली आहे), पितळी परात, गुंड (पाण्याची घागर), जाड लोखंडी कढई (गंजलेली), बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा, जर्मनची (अॅल्युमिनियमची) चार-पाच पातेली, पाटा-वरवंटा. माझं स्वतःचं म्हणजे थर गेलेला नॉनस्टिक तवा, एक कुकर आणि स्टीलची पातळ बुडाची भांडी, ज्यात दूध हमखास लागतं.

नवऱ्याचं म्हणणं, पितळ मोडीत द्यावं आणि त्या पैशात चांगली तीन थरांची स्टीलची भांडी घ्यावीत. मला मोडीत काहीच द्यायचं नाही, पण ओट्याखाली जागा तेवढीच आहे. घरात पाच माणसं, रोजचं वरण-भात-भाजी-पोळी, आठवड्यातून एकदा सावजी किंवा पाटवडी रस्सा. गॅस आहे आणि एक इंडक्शनही आहे.

प्रश्न असे: कोणत्या पदार्थाला कोणतं भांडं खरंच लागतं? लोखंडाची कढई परत वापरात कशी आणू? नागपुरात कल्हई कुठे होते? आणि एक वेगळाच त्रास, इथे आल्यापासून तुरीची डाळ शिजतच नाही. कुकर बदलावा का?

तर्रीपोहे

मोडीत देऊ नका. पत्ता द्या, मीच येऊन घेऊन जातो :)

सीमंतिनी_ध

आधी कढईचं सांगते, कारण गंजलेली कढई म्हणजे वाया गेलेली कढई नाही. चिंचेच्या कोळात किंवा व्हिनेगरमध्ये पाणी घालून अर्धा-पाऊण तास भिजवा, त्याहून जास्त नको, आंबटात लोखंडच झिजायला लागतं. मग तारेच्या घासणीने खसाखसा घासा. तांबडं पाणी येणं थांबलं की साबणाने धुवा आणि लगेच गॅसवर ठेवून कोरडी करा. ओली कढई ओट्यावर ठेवून दुसऱ्या कामाला लागलात तर परत येईपर्यंत तांबूस झालेली असते, पावसाळ्यात तर नक्कीच.

कोरडी झाली की जवसाचं तेल घ्या. आपल्याकडे विदर्भात ते सहज मिळतं. चार थेंब फडक्यावर घेऊन आतून-बाहेरून चोळा आणि मग कोरड्या फडक्याने पुसून टाका, इतकं की तेल लावलंच नाही असं वाटावं. मग मध्यम आचेवर धूर निघून थांबेपर्यंत तापवा, खिडकी उघडी ठेवून. गार होऊ द्या. असं तीन-चारदा केलं की काळा, गुळगुळीत थर धरतो. जवसाचं तेल हवेत आणि उष्णतेत सुकून घट्ट होणारं तेल आहे, रंगातही ते त्याचसाठी वापरतात.

थर जाड झाला तर चिकट राहतो आणि पुढे पोपडे निघतात. लोक इथेच घाई करतात.

बंड्या_धरमपेठ

जवसाच्या तेलाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. थर सुरेख येतो पण टणक असतो, कढई आपटली किंवा सराट्याने (उलथन्याने) जोर लावला की टवका उडतो. मी साधं शेंगदाण्याचं तेल लावतो आणि पहिले काही दिवस त्यात फक्त तळण करतो. पुऱ्या, भजी, सांभारवड्या. कढई आपोआप तयार होते. घरात सगळे खूशही राहतात.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, झुणका लोखंडाच्या कढईतलाच पायजे. नॉनस्टिकमंदी खरवड कुठून येईन? बेसन चांगलं परतू परतू करा, झाकण ठेवा, मंग बुडाले जे लागते ना, तेच खाऊन पाहा. आमच्या घरी त्या खरवडीसाठी पोट्ट्यांचे भांडणं होते.

अन ते कढई कधी इकाल त मले पैले सांगजा.

धातुवाला

मी नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्र शिकलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दूध लागण्याचं कारण बुडाची जाडी आणि धातू. स्टील उष्णता फार हळू पसरवतं. तांबं त्याच्या साधारण पंचवीस पट आणि अॅल्युमिनियम चौदा-पंधरा पट वेगाने पसरवतं. पातळ स्टीलच्या पातेल्याखाली जिथे ज्योत लागते तिथेच तळ तापतो आणि दुधातली प्रथिनं तिथेच बसतात, करपतात. तीन थरांच्या भांड्यात मधे अॅल्युमिनियम आणि दोन्ही बाजूंनी स्टील असतं. अॅल्युमिनियम उष्णता सगळीकडे नेतं, अन्नाला मात्र स्टीलच लागतं. विकत घेताना एवढं विचारा की मधला थर काठापर्यंत आहे की फक्त तळाला चिकटवलाय. नुसता तळ जाड असेल तर रस्सा कडेने करपतो.

स्टीलचे प्रकार: ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, स्वस्त पडतं, पण मीठ-आंबटापुढे कमी टिकतं. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतंच आणि ते चुंबकाला चिकटतं, म्हणून इंडक्शनच्या भांड्यांचा बाहेरचा थर त्याचा असतो.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक करण्याचा आदेश काढला. स्टीलसाठी मानक आयएस १४७५६, अॅल्युमिनियमसाठी आयएस १६६०. प्रेशर कुकरला तर तो २०२१ पासूनच बंधनकारक आहे, आयएस २३४७. इतवारीत घ्या, बर्डीवर घ्या की ऑनलाइन मागवा, हा मार्क बघूनच घ्या.

गोकुळपेठी

चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं, असं दुकानदार सांगतात. खरं का?

धातुवाला

अर्धवट खरं. ३०४ ला चिकटत नाही, पण २०२ लाही चिकटत नाही. म्हणजे त्या परीक्षेने ४३० वेगळं काढता येतं, एवढंच. भांड्यावर ठोकलेला आकडा बघा आणि बिलावर लिहून घ्या.

कमलकाकू

अन्वयी बेटा, सगळे लोखंड-पितळेचं कौतुक करतील, ते कौतुकाचंच आहे. पण घासतं कोण, हे आधी ठरव. माझं वय अडुसष्ट. मनगटं दुखतात. भरलेला पितळी गंज मला उचलवत नाही आणि चिंच-मीठ लावून घासत बसायला गुडघे साथ देत नाहीत. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताई चार घरं करतात. त्यांच्या पुढ्यात मी बिडाचा तवा आणि लोखंडी कढई टाकत नाही, ती दोन भांडी मी माझी मीच धुते आणि पुसून ठेवते. बाकी रोजचं सगळं हलक्या भांड्यांत. जर्मनच्या गंजात पन्नास वर्षं भात शिजवला, सगळे धडधाकट आहेत.

पुरुष मंडळी धाग्यावर जड भांड्यांची बाजू घेताहेत, त्यांनी आठवडाभर ती घासून मग परत लिहावं. रागाने नाही म्हणत.

बंड्या_धरमपेठ

काकू, अगदी मान्य. आमच्याकडे कढई मीच घासतो, तो नियमच आहे.

मृदगंधा

कमलकाकूंना +१००. पारंपरिक भांड्यांवरच्या चर्चेत कष्टांचा मुद्दा नेहमी मागे पडतो. आपल्या आज्यांनी ती भांडी वापरली तेव्हा घरात घासायला किती बायका होत्या, ते कोणी मोजत नाही.

डॉ_पूर्वा

जर्मनच्या भांड्यांबद्दल. अॅल्युमिनियमच्या भांड्यातून अन्नात थोडं अॅल्युमिनियम उतरतं, आंबट पदार्थांत जास्त. निरोगी माणसाची मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. किडनीचा जुना आजार असेल तर मात्र टाळलेलं बरं. भात शिजवायला हरकत नाही, चिंचेचं सार किंवा टमाटरची चटणी त्यात करू नका आणि रात्रभर तर अजिबात ठेवू नका. एनोडाइज केलेल्या भांड्यात हा प्रश्न बराच कमी होतो, कारण वरचा थर कठीण ऑक्साइडचा असतो. तो तारेने खरवडायचा नाही.

लोखंडाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. लोखंडी कढईत अन्नात लोह वाढतं, हे खरं. आंबट, पातळ आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थात जास्त वाढतं. ते शरीरात मुरायला लिंबू-आवळ्यासारखं काहीतरी जेवणात हवं, आणि जेवणावर लगेच चहा नको, चहा ते अडवतो. पण रक्तक्षय झाला म्हणून नुसती कढई बदलून भागत नाही, तपासणी आणि औषध लागतंच.

आणि आपल्या भागात सिकलसेलचे, थॅलेसेमियाचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांना वरचेवर रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असतं. अशा घरात लोखंडाच्या भांड्यात रोज स्वयंपाक करायचा की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. हे मी दवाखान्यात रोज सांगते, कारण लोखंड सगळ्यांनाच चांगलं असं समजून चाललेलं असतं.

अन्वयी

डॉक्टर, हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे तसं कोणी नाही, पण शेजारी आहेत, त्यांना सांगते.

रसिका_खामला

लोखंडात काय करू नये ते मी सांगते. अंबाडीची भाजी. काळी ठिक्कर पडते आणि तोंडात धातूची चव येते. चिंच-गुळाची आमटी, कढी, टमाटरचा रस्सा, हेही नको. मेथी, पालक चालतात पण रंग काळपट होतो, मुलं नाक मुरडतात. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, कढईत झाकून ठेवायची नाही.

करावं काय? झुणका, भेंडी, आलूच्या काचऱ्या, तळण, कांदा-खोबरं भाजणं. सावजीचा मसाला भाजायला तर लोखंडच. कांदा काळपट-तांबूस होईपर्यंत त्यात सारखा भाजला जातो, रस्सा मात्र पुढे जाड स्टीलमध्ये शिजवा.

तर्रीपोहे

पोहे?

रसिका_खामला

पोहे लोखंडात छान होतात. लिंबू ताटात पिळा, कढईत नाही. तर्री वेगळ्या पातेल्यात, ते तुम्हाला मी काय सांगणार :)

इतवारीकर

आता कल्हई. आमचं घर इतवारीत, त्यामुळे लहानपणापासून हे बघत आलोय. कल्हईवाले आता दारावर क्वचितच येतात. पण इतवारीत भांड्यांच्या दुकानांत विचारा, बरेच दुकानदार भांडं ठेवून घेतात आणि कल्हई करून देतात, किंवा करणाऱ्याचा पत्ता देतात. शक्यतो समोर बसून करून घ्या.

काय होतं ते असं. भांडं आधी घासून स्वच्छ करतात, मग कोळशाच्या भट्टीवर भाता मारून तापवतात. नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो, त्याने धातूवरची काजळी-ऑक्साइड निघून जातं. मग कथलाची काडी टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने ती झरझर सगळीकडे फिरवायची. हात थबकला की डाग राहतो. मग पाण्यात बुडवून चुर्र. आत चांदीसारखं लख्ख दिसायला लागतं.

समोर बसायचं कारण म्हणजे कथील. शुद्ध हवं. डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरचं, कथील स्वस्त पडतं आणि त्यात शिसं मिसळलेलं असू शकतं. एका ठिकाणी माझ्या बहिणीच्या पातेल्याला तसली काडी लावताना मी बघितलं आणि भांडं उचलून परत आणलं. थोडे पैसे जास्त घ्या पण शुद्ध लावा, असं आधीच बोलून ठेवा.

धातुवाला

इतवारीकरांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. त्याला जोडून: कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही आणि त्यात तळण करायचं नाही. पाणी असेपर्यंत काळजी नाही, कारण पाणी शंभराच्या वर जात नाही. भात, पुरण, खीर, साधं वरण यांना ते भांडं उत्तम. घासायला मऊ कापड किंवा नारळाची शेंडी, तार नको. आत पिवळा धातू दिसायला लागला की पुन्हा कल्हईची वेळ झाली.

वऱ्हाडी_ठेचा

कल्हई उडालेल्या गंजात ताक नका ठेवजा. कळकते. अन कळकलेलं ताक पेलं की दिवसभर पोट धरून बसा.

संत्रेवाली

पितळ घ्यायचंच असेल किंवा जुनं दुरुस्त करायचं असेल तर भंडाऱ्याकडेही बघा. पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा फार पूर्वीपासून ओळखला जातो आणि नागपूरहून साठेक किलोमीटरच आहे.

आणि अन्वयी, मोडीत देण्याआधी भांड्यांवरची नावं वाच. आमच्याकडच्या परातीवर आजीचं नाव, गाव आणि लग्नाचं साल कोरलेलं निघालं. आजीचं लग्न कोणत्या साली झालं यावर घरात दोन मतं होती, परातीने निकाल दिला.

मृदगंधा

आमच्याकडे तर सगळ्या आळीची भांडी नावांमुळे ओळखू यायची. लग्नकार्यात मोठे गंज, झारे, कोपर घरोघरून गोळा व्हायचे आणि कार्य झाल्यावर नाव वाचून परत जायचे.

सीमंतिनी_ध

आणि उन्हाळ्यात वाळवणाला! कुरडयांचा चीक शिजवायला जाड बुडाचं मोठं भांडं आमच्या गल्लीत एकाच घरी होतं. त्या काकूंच्या सवडीने सगळ्यांच्या कुरडया ठरायच्या. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत. सरगुंडे करतं का अजून कोणी? काडीवर कणीक गुंडाळून वाळवायचे आणि आमरसाबरोबर खायचे.

रसिका_खामला

आम्ही करतो. दर वर्षी. वेगळा धागा काढा, मी फोटोसकट लिहीन.

गोकुळपेठी

नॉनस्टिकवर कोणी बोलेना. माझ्या मते ते उगाच बदनाम झालंय. धिरडी, आंबोळी, मुलांची ऑम्लेट, कमी तेलात दुसरं कशात होतं? बायपासनंतर वडिलांचं तेल कमी केलं तेव्हा आम्हाला त्याचाच आधार होता.

धातुवाला

वापरा की. अटी दोन. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवायचा नाही, कारण साधारण २६० अंशांच्या पुढे तो थर बिघडायला लागतो आणि आणखी तापला तर विषारी वाफा निघतात. घरात पोपट वगैरे असेल तर त्या वाफांनी पक्षी दगावतात, हे गमतीवारी घेऊ नका. दुसरं, लाकडी किंवा सिलिकॉनचा सराटा. थर गेला, पोपडे निघाले की तवा टाकायचा. अन्वयी, तुमचा तवा याच गटात आहे.

बिडाचा तवा एकदा तयार झाला की धिरडी त्याच्यावरही सुटतात. कांदा अर्धा कापून तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा आणि तवा पूर्ण तापल्यावरच पीठ घालायचं.

बंड्या_धरमपेठ

बीड एकदा तापलं की बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून पहिल्या दोन धिरड्यांनंतर गॅस बारीक करा. आणि तापलेल्या तव्यावर एकदम गार पाणी ओतू नका, तडकतो. काचेसारखाच तुटतो, जोडता येत नाही.

प्रतापनगरची_माई

डाळीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. अन्वयी, कुकर बदलू नकोस. पाणी बघ. बेशात तुमच्या इमारतीला बोअरचं पाणी आहे का? किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो का?

अन्वयी

माई, बसतो! बोअरचंच आहे, पिण्यापुरतं फिल्टरचं. किटलीत, कुकरच्या आत, नळाच्या तोटीवर, सगळीकडे पांढरं.

प्रतापनगरची_माई

मग तेच. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारं जे पेक्टिन असतं त्याला ते घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही, कितीही शिट्ट्या द्या. महालात पेंच, कन्हान नद्यांचं नळाचं पाणी, तिथे आईची डाळ तीन शिट्ट्यांत लोणी होत असणार.

डाळीपुरतं पिण्याचं पाणी वापर. नसेल तर बोअरचं पाणी उकळून निवू दे आणि वरचं वर ओतून घे, बराचसा पांढरा गाळ तळाशी बसतो. अर्धा तास भिजव. थेंबभर तेल आणि हळद घातली तरी चालेल. चिंच, टमाटर, आमसूल काहीही डाळ शिजल्यावरच, आंबटातही दाणा मऊ पडत नाही. खायचा सोडा शेवटचा उपाय, डाळ शिजते पण ब जीवनसत्त्वातलं बी-१ जातं आणि चवही साबणासारखी लागते. डाळ फार जुनी असली तरी शिजत नाही, तेही बघून घे.

मृदगंधा

माई, धन्यवाद! मनीषनगरला राहायला आल्यापासून मी डाळवाल्याला बोलत होते.

रसिका_खामला

कुकरमधला तो पांढरा थर काढायला लिंबाच्या पिळलेल्या साली टाकून पाणी उकळा. अॅल्युमिनियमच्या कुकरला धुण्याचा सोडा किंवा डिशवॉशरची पावडर लावू नका, काळा पडतो.

गोकुळपेठी

स्टीलच्या भांड्याला आतून बारीक खड्डे पडलेत, ते कशाने? महागाचं भांडं आहे.

धातुवाला

मिठाने. गार पाण्यात मीठ टाकलं की ते तळाशी बसतं आणि तिथे स्टील खातं. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा. पडलेले खड्डे जात नाहीत, पण भांडं वापरायला हरकत नाही. इंद्रधनुषी डाग असतील तर ते व्हिनेगरने जातात. आणि स्टीलमध्ये भाजी चिकटू नये म्हणून आधी भांडं तापवा, पाण्याचा थेंब टाका. तो चुर्र करून उडून गेला तर अजून थांबा, मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला की आच थोडी कमी करून तेल घाला.

अन्वयी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

कढई दोन्ही पद्धती जोडून केली, आधी जवसाच्या तेलाचे पातळ थर, मग आठवडाभर तळण. काल झुणका केला, खरवड निघाली आणि सासऱ्यांनी ती कोणाला दिली नाही. डाळ फिल्टरच्या पाण्यात शिजते, पहिल्याच दिवशी. लहान गंजाला इतवारीत समोर बसून कल्हई करून आणली, त्यात गोळा भात करणार आहे.

कमलकाकू, तुमचं लिहिणं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. कढई आणि तवा नवऱ्याकडे, तो धुऊन, तापवून, तेल लावून ठेवतो. मोठा गंज मला एकटीला उचलत नाही, तो माझ्या नणंदेकडे जातोय, तिच्याकडे अंगणात चूल आहे. मोडीत फक्त नाव नसलेला, चिरलेला गुंड गेला. तीन थरांचं एक पातेलं आणि एक कढई घेतली, ३०४, मार्क बघून. नॉनस्टिक टाकला. जर्मनची दोन पातेली भातासाठी ठेवली.

राहिला कुकर. आहे तो तीन लिटरचा, पाच माणसांना वरण-भात एकदम होत नाही. किती लिटरचा घेऊ?

कमलकाकू

बरं वाटलं बेटा. जावईबापूंना सांग, तेल लावल्यावर कढई पालथी ठेवायची, ओट्याच्या कोरड्या बाजूला.

प्रतापनगरची_माई

पाच लिटरचा, दोन डबे एकावर एक बसतात का ते दुकानातच डबे घालून बघ. तीन लिटरचा ठेव, भाजीला, उसळीला तोच बरा. कुठलाही कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही आणि डाळ-तांदूळ थेट शिजवायचे तर अर्ध्याच्या वर नाही, फेस येऊन शिट्टीचं भोक बुजतं. इंडक्शनवर वापरणार असशील तर बुडाला चुंबक लावून बघ.

इतवारीकर

आणि जुन्या कुकरची रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून घ्या. दोन्ही त्याच कंपनीचे. नुसतं "तीन लिटर" सांगून चालत नाही, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांच्या रिंगा वेगळ्या असतात. झाकण पिशवीत घालून सोबत न्या आणि दुकानातच बसवून बघा.